एका फोनचे घर आणि चाळीस मुलांचा वर्ग: ऑनलाइन शिष्टाचार व सुरक्षा शिकवायची कशी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी, विशेषतः अतिथी शिक्षक म्हणून पहिल्यांदाच वर्ग हाती घेणाऱ्या तरुण मंडळींसाठी हा लेख लिहीत आहे. संगणकाची खोली, प्रोजेक्टर किंवा शाळेचे इंटरनेट यांपैकी काहीही नसले तरी यातील बहुतेक धडे घेता येतात. फळा, खडू, कागदाच्या चिठ्ठ्या आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेतील एक तास एवढ्यावर काम भागते.

आपल्याकडे एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. शहरी पालकांसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये प्रत्येक मुलाला स्वतंत्र फोन असल्याचे गृहीत धरलेले असते, पण आपल्या वर्गातील बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन असतो. तो सकाळी वडिलांबरोबर उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा शेतावर जातो आणि संध्याकाळी सातला घरी परततो. त्यानंतर त्या फोनवर हेस्कॉमचे कन्नड वीजबिल, बँकेचा इंग्रजी एसएमएस, चंदगडच्या मावशीचा व्हॉइस मेसेज आणि शाळेच्या ग्रुपवरचा गृहपाठ हे सगळे एकामागून एक उलगडून सांगण्याचे काम घरातील सातवी-आठवीतले मूल करते. पूर्वी गावात पत्र वाचून दाखवणारा एखादा शिकलेला माणूस असे, त्याची जागा आता या मुलाने घेतली आहे. म्हणून त्याची चूक ही साऱ्या घराची चूक ठरते, आणि त्याला आलेली समज साऱ्या घराच्या उपयोगी पडते. तुम्ही चाळीस मुलांना शिकवता तेव्हा चाळीस घरांच्या मुनीमजींना शिकवत असता.

आधी वर्ग समजून घ्या

पहिल्या आठवड्यात काहीही शिकवू नका. प्रत्येक मुलाला एक कोरी चिठ्ठी द्या आणि नाव न लिहिता चार प्रश्नांची उत्तरे मागा: घरात फोन कोणाचा आहे, रात्री तो कोणाच्या उशाशी असतो, तुझे स्वतःचे खाते कोणकोणत्या अ‍ॅपवर आहे, आणि फोनवर कधी भीती वाटावी असे काही आले होते का, आले असल्यास कोणाला सांगितलेस. नावे लिहायला लावली तर वर्गातील सगळी मुले संत निघतात, हा माझा अनुभव आहे. नावाविना लिहिलेल्या चिठ्ठ्या मात्र बोलतात. माझ्या वर्गात चौथ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला सर्वांत जास्त वेळा आलेले उत्तर होते, ‘कोणालाच नाही’. कारण विचारल्यावर मुलांनी सांगितले, ‘सांगितलं तर फोनच काढून घेतात.’

पुढील साऱ्या धड्यांचा पाया या उत्तरात आहे. आपल्याकडून चूक झाली असे सांगायला आलेल्या मुलाचा फोन त्या कारणासाठी काढून घ्यायचा नाही, ही गोष्ट शिक्षकाने आधी स्वतः मान्य करावी आणि मग पालकसभेत पालकांकडून मान्य करून घ्यावी. सांगणे शिक्षेचे कारण ठरले की मुले सांगणे थांबवतात, आणि ऑनलाइन फसवणूक करणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

चिठ्ठ्यांमधून आणखी एक गोष्ट कळेल. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम यांची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे, तरी पाचवी-सहावीतली मुले खोटे जन्मवर्ष टाकून खाती उघडतात. त्यावर रागावण्यापेक्षा त्याचा परिणाम समजावून सांगावा. इन्स्टाग्राम किशोरवयीन मुलांची खाती आपोआप खाजगी ठेवते आणि अनोळखी लोकांच्या मेसेजवर बंधन घालते. जन्मवर्ष २००० असे टाकणाऱ्या मुलाला ते अ‍ॅप प्रौढ समजते आणि हे संरक्षण त्याच्या वाट्याला येत नाही. कायद्याच्या दृष्टीने तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानलेली आहे.

मग स्वतःचा ग्रुप सुधारा

मुलांना शिष्टाचार शिकवण्यापूर्वी शिक्षकाने आपला वर्गाचा ग्रुप तपासावा. ही गोष्ट मी चुकून शिकले. काही वर्षांपूर्वी घटक चाचणीच्या गुणांची हाताने लिहिलेली यादी, सोयीचे म्हणून, फोटो काढून मी पालकांच्या ग्रुपवर टाकली. पंचवीसपैकी अकरा गुण मिळालेली एक मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. घरी गेल्यावर कळले की तिच्या चुलतभावाने त्या फोटोतील तिच्या नावापुढचे गुण लाल गोल करून नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवले होते. मी फोटो पुसून टाकला, पण तोवर तो माझ्या हाताबाहेर गेला होता. त्यानंतर गुण फक्त ज्याच्या त्याच्या पालकाला कळवायचे असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

आधार कार्डाचेही तसेच आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा सॅट्सवरील (कर्नाटक सरकारच्या विद्यार्थी-नोंद प्रणालीवरील) नोंद पूर्ण करायची असली की आपण ग्रुपवर सहज लिहितो, ‘सर्वांनी आधारचा फोटो टाकावा.’ तासाभरात चाळीस मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा आणि पत्ते चाळीस फोनमध्ये जाऊन बसतात. कागद शाळेत आणून दाखवायला सांगावे, आणि अगदीच नाइलाज असेल तर वैयक्तिक मेसेजने मागवून काम होताच पुसून टाकावे. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नसते तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार चालते, आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, हा तिसरा मुद्दा. एखाद्या मुलीच्या आईचा नंबर चाळीस अनोळखी घरांत जावा, असे तिला वाटत नसेल तर तिचे म्हणणे रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरता येते. तिच्यात २५६ जणांपर्यंत मेसेज जातो, तो प्रत्येकाला स्वतंत्र पोहोचतो आणि कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. फक्त पालकांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला असावा लागतो, नाहीतर मेसेज पोहोचत नाही. ग्रुपच ठेवायचा असेल तर मेसेज पाठवण्याचा अधिकार अ‍ॅडमिनपुरता ठेवावा. त्याने रात्री अकराचे सुप्रभात आणि पहाटे पाचची शुभरात्र तरी थांबते.

लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो

आता मुलांकडे वळू. शिष्टाचाराच्या पहिल्या तासाला फळ्यावर एकच वाक्य लिहावे: ‘तू काल आला नाहीस ते बरं झालं’. पूर्णविराम, उद्गारचिन्ह किंवा चेहरा काहीही द्यायचे नाही. मग तीन मुलांना पुढे बोलावून तेच वाक्य तीन तऱ्हांनी म्हणायला सांगावे. एकाने काळजीने म्हणायचे, कारण काल वाटेत ओढ्याला पाणी आले होते. दुसऱ्याने थट्टेने म्हणायचे, कारण काल चाचणी होती आणि सगळ्यांची फजिती झाली. तिसऱ्याने तुसडेपणाने म्हणायचे, कारण तो मुलगा नकोच होता. वर्ग हसतो आणि मग थोडा गप्प होतो. आता विचारावे की हे वाक्य रात्री नऊला एकट्या बसलेल्या मुलाच्या फोनवर आले, तर तो तिघांपैकी कोणाचा आवाज ऐकेल? उत्तर बहुधा एकच येते: ज्याचा आवाज त्याला आधीपासून टोचतो आहे त्याचा. ‘मी गंमत केली होती’ या सबबीचा पोकळपणा या अर्ध्या तासात जेवढा कळतो तेवढा दहा सुविचारांनी कळत नाही.

याच तासाला मेसेज लिहिण्याची रीत शिकवून घ्यावी. आपल्या मुलांचे मेसेज वडिलांच्या नंबरवरून येतात, आणि त्यात नुसते ‘हाय’ किंवा ‘उद्या शाळा आहे काय’ एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे तो प्रश्न मुलाचा, त्याच्या धाकट्या बहिणीचा की वडिलांचा हे शिक्षकाला कळत नाही. पहिल्या ओळीत नमस्कार, आपले नाव व इयत्ता, दुसऱ्या ओळीत काम, आणि उत्तर मिळाल्यावर एक पोच, हा क्रम वहीत लिहून घ्यावा. रात्री नऊनंतर मेसेज करायचा नाही, तातडीचे असेल तर घरातील मोठ्या माणसाने फोन करायचा, हेही त्याच पानावर यावे. हा नियम शिक्षकालाही लागू आहे.

शिव्यांबद्दल मुलांशी बोलणे सोपे आहे, कारण शिवी चूक आहे हे त्यांना माहीत असते. अवघड आहे ते स्टिकरबद्दल बोलणे. आज मुलांमधील छळ बहुतेक वेळा स्टिकरच्या रूपाने चालतो: वर्गात डुलकी लागलेल्या, तोंडात घास असलेल्या किंवा रडणाऱ्या मुलाचा चोरून फोटो काढायचा, त्याचा स्टिकर करायचा आणि वर्षभर प्रत्येक विनोदाला तो चिकटवायचा. ज्याचा फोटो आहे त्यालाही हसावे लागते, कारण न हसल्यास तो ‘चिडका’ ठरतो. म्हणून नियम दोन टप्प्यांत सांगावा. फोटो काढताना विचारायचे, आणि पाठवताना पुन्हा विचारायचे. फोटो काढायला दिलेला होकार पाठवायला दिलेला होकार होत नाही. एखाद्याला मुद्दाम वगळून दुसरा ग्रुप काढणे, जातीवरून किंवा रंगावरून टोपणनाव ठेवणे, वडिलांच्या कामावरून चिडवणे हे सगळे याच तासात येऊ द्यावे. मुलांकडून उदाहरणे मागितली तर ती तुमच्याहून अधिक नेमकी देतात.

माफीचीही एक रीत आहे. ज्या ग्रुपवर अपमान झाला त्याच ग्रुपवर माफी मागायची, एकांतात नव्हे. ‘सर्वांसाठी डिलीट’ करण्याची मुभा सुमारे अडीच दिवस असते हे मुलांना माहीत असते. पण त्या आधी कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर पुसून काहीच पुसले जात नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागते.

पुढे पाठवण्याचा हिशेब

हा धडा चिठ्ठ्यांवर शिकवावा. एका मुलाच्या हातात चिठ्ठी द्या, त्यावर एक निरुपद्रवी अफवा लिहा, उदाहरणार्थ, ‘सोमवारी शाळेला सुट्टी आहे असे ऐकले.’ त्याने ती दोघांना लिहून द्यायची, त्या दोघांनी प्रत्येकी दोघांना. चार फेऱ्यांत तीस मुलांपर्यंत चिठ्ठी जाते. मग पहिल्या मुलाला सांगा, ‘आता सगळ्या परत गोळा कर.’ तो वर्गभर धावतो, दोन चिठ्ठ्या कंपासपेटीत दडलेल्या सापडतात, एक खिडकीतून बाहेर गेलेली असते, आणि शेवटच्या चिठ्ठीवर ‘ऐकले’ हा शब्द गळून ‘सुट्टी आहे’ एवढेच उरलेले असते. त्यानंतर फळ्यावर गुणाकार करावा: व्हॉट्सअ‍ॅपवर एका वेळी पाच ठिकाणी पाठवता येते, तर चार फेऱ्यांत ५, २५, १२५, ६२५, म्हणजे एकूण ७८० ठिकाणी.

पाचाची ही मर्यादा का आली, हे आठवी-नववीच्या मुलांना सांगण्याजोगे आहे. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा २०१८ साली फोनवरून पसरल्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले, आणि त्याच महिन्यात आपल्या कर्नाटकात बिदर जिल्ह्यात अशाच अफवेतून एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो अनेक हातांतून आलेला आहे असे समजावे. अशा मेसेजपाशी थांबून तीन गोष्टी विचारायच्या: हे कोणी पाहिले, कधी पाहिले, आणि ते खरे असेल तर वर्तमानपत्रात का नाही?

सीमाभागात या धड्याला एक जास्तीचे पान जोडावे लागते. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्य स्थापना दिन जवळ आला, किंवा दोन राज्यांतील वादाची एखादी बातमी आली, की मुलांच्या फोनवर कन्नड आणि मराठी दोन्ही बाजूंचे चिथावणीचे रील येऊ लागतात. २०२५ च्या फेब्रुवारीत बसमधील एका भाषिक वादानंतर दोन राज्यांमधील बससेवा काही काळ थांबली होती, तेव्हा निपाणीहून कोल्हापूरला आणि बेळगावहून चंदगडला जाणाऱ्या आपल्याच लोकांचा खोळंबा झाला. भाषेचा प्रश्न आपल्यासाठी खरा आहे, घरोघरी त्यावर बोलले जाते, आणि वर्गात त्याबद्दल गप्प बसा असे मी सांगणार नाही. मात्र आपली मागणी मांडणे वेगळे आणि समोरच्या भाषेला शिवी देणे वेगळे, हा फरक मुलांना उदाहरणांनी दाखवावा लागतो. भाषेच्या आधारे समाजगटांमध्ये वैर वाढवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, आणि फॉरवर्ड करणारा ‘मी लिहिलेले नाही’ म्हणून सुटेलच असे नाही.

यासाठी व्हिडिओ तपासण्याचा एक छोटा सराव घ्यावा. शिक्षकाने आपल्या फोनवरील एखादा जुना, निरुपद्रवी व्हिडिओ मुलांना आवाज बंद करून दाखवावा आणि तो कुठला व केव्हाचा असेल ते ओळखायला सांगावे. गाडीच्या नंबरपट्टीवर केए आहे की एमएच, बसस्थानकावरची पाटी कोणत्या लिपीत आहे, माणसांच्या अंगात स्वेटर आहे की भिंतीवर पावसाची ओल आहे, हे मुले झटकन टिपतात. नंतर आवाज सुरू करून चित्र आणि बोलणे जुळते का ते पाहावे. शाळेतील कन्नड विषयाच्या शिक्षकांना या तासाला जरूर बोलवावे. एका कन्नड ओळीचा मराठी मथळ्यात कसा भलताच अर्थ लावलेला असतो, आणि उलटही, हे त्यांच्या तोंडून ऐकले की मुलांच्या मनातली अढी थोडी सैल होते.

कुलपे

हा भाग थोडक्यात आटोपतो, कारण एकदा करून दाखवले की झाले. पालकसभेला येताना फोन आणायला सांगावा आणि तिथेच व्हॉट्सअ‍ॅपची दुहेरी पडताळणी सुरू करून द्यावी. त्यात सहा अंकांचा पिन ठेवायचा असतो. जन्मतारीख, गाडीचा नंबर आणि १२३४५६ नको. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकते याचे सेटिंग ‘माझे संपर्क’ असे करावे. पासवर्डसाठी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून मध्ये एखादा अंक घालणे सोपे पडते, जसे रताळे, छत्री, तबला, पायरी. हे उदाहरण मात्र कोणी वापरू नये, ते आता छापून झाले आहे.

पैसा मागणारा मेसेज

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मला नववीतल्या एका मुलाचा त्याच्या आईच्या फोनवरून कॉल आला. त्याने घाईने विचारले, ‘टीचर, शिष्यवृत्ती आली म्हणून फोन आलाय, ते ओटीपी मागूलेत, देऊ काय?’ ओटीपी मागणारा माणूस दुसऱ्या कॉलवर थांबलेला होता. मी नको म्हटले आणि त्याने फोन ठेवला, गोष्ट तेवढ्यावर संपली. ती इथे सांगण्याचे कारण असे की तो मुलगा वर्गात हुशार समजला जाणारा नव्हता. त्याला ओटीपीचे तंत्रही नीट ठाऊक नव्हते. अडल्यावर विचारायचे आणि विचारल्याबद्दल कोणी ओरडत नाही, एवढेच त्याला माहीत होते.

आपल्या भागात फसवणूक कोणत्या रूपाने येते, हे मुलांना नावानिशी सांगावे. ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा त्यातला एक जुना प्रकार. सरकारी योजनांच्या नावाने येणारी लिंक किंवा एपीके फाईल (जिच्यावरून फोनमध्ये परस्पर अ‍ॅप बसते ती) हा दुसरा. गृहलक्ष्मी ही कर्नाटकाची योजना, कुटुंबप्रमुख महिलेला महिना २,००० रुपये देणारी. लाडकी बहीण ही महाराष्ट्राची. सीमेपलीकडच्या नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेला लाडकी बहीणचा अर्ज खानापूरच्या बाईला लागू होत नाही, त्यामुळे तशी लिंक बेळगावच्या फोनवर आली तर तिच्यावर बोट ठेवण्याचे कारणच नाही. कोणत्याही योजनेसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल इन्स्टॉल करायची नाही. तशी फाईल एसएमएस वाचण्याची परवानगी मागून तुमचे ओटीपी परस्पर दुसरीकडे पाठवू शकते.

यूपीआयचा एकच नियम मुलांनी घरी जाऊन आईला शिकवावा: पैसे घेताना पिन लागत नाही. कोणी ‘पैसे मिळवण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगत असेल तर तो पैसे काढून घेतो आहे. खेळांमधील फुकट डायमंडचे आमिषही याच जातीचे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे, हे मोठ्या मुलांना सांगावे.

आजी-आजोबांसाठी मुलांना आणखी एक वाक्य पाठ करून घ्यावे: व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. तोतया पोलीस कॉलवर ज्या ‘डिजिटल अटके’ची धमकी देऊन पैसे उकळतात, तिची कोणतीही तरतूद भारताच्या कायद्यात नाही. खानापूर तालुक्यातच २०२५ च्या मार्चमध्ये अशा धमक्यांना भ्यालेल्या एका वृद्ध दांपत्याने आपले जीवन संपवले, त्यामुळे हा विषय आपल्या मुलांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. ‘कोणाला सांगू नका, कॉल बंद करू नका’ हे शब्द आले की कॉल बंद करून शेजारच्या घरात जाऊन सांगायचे. नातेवाइकाचा हुबेहूब आवाज काढून पैसे मागितले जाण्याचे प्रकारही आता होतात. त्यासाठी प्रत्येक घराने आपसांत एक खुणेचा शब्द ठरवावा. शेतातल्या जुन्या आंब्याचे नाव, बैलाचे नाव, काहीही चालेल, फक्त तो फोनवर लिहून ठेवू नये.

अनोळखी मित्र आणि धमकी

हा तास मुला-मुलींना एकत्र बसवूनच घ्यावा, कारण धमकी मुलांनाही येते आणि ती त्यांच्याकडून अधिक लपवली जाते. क्रम बहुधा सारखा असतो. आधी खूप कौतुक, मग ‘घरच्यांना सांगू नकोस’, मग एखादा फोटो, आणि शेवटी तो फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो. यातील दुसरी पायरी मुलांना ओळखायला शिकवावी. गुपित ठेवायला लावणारा अनोळखी माणूस मित्र नसतो, मग त्याचे वय, गाव, भाषा काहीही असो.

एखादे मूल अशी गोष्ट सांगायला आले तर पहिले वाक्य तयार ठेवावे: ‘सांगितलेस ते चांगले केलेस, यात तुझी चूक नाही.’ त्यानंतर पैसे द्यायचे नाहीत, संभाषण पुसायचे नाही, आणि धमकी देणाऱ्याला उलट धमकीही द्यायची नाही. धमकीचे शब्द, खात्याचे नाव, नंबर, तारीख व वेळ यांचे स्क्रीनशॉट किंवा वहीतील नोंद ठेवावी, आणि मगच ब्लॉक व रिपोर्ट करावे. इथे एक काळजी नव्या शिक्षकांकडून हमखास राहून जाते. मुलाचा नग्न किंवा अश्लील फोटो असेल तर तो आपल्या फोनवर घ्यायचा नाही, त्याचा स्क्रीनशॉट काढायचा नाही, मुख्याध्यापकांना ‘पुरावा म्हणून’ पाठवायचाही नाही. अशी सामग्री बाळगणे व पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. फोटो कुठे आहे ते पोलिसांना सांगावे, ते काम त्यांचे.

शाळेचे नाव खराब होईल म्हणून प्रकरण आपसांत मिटवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती असताना ती पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्या सल्ल्याला एवढेच उत्तर पुरे. मुलाचे नाव मात्र शिक्षकांच्या खोलीतही फुटू नये. १८ वर्षांखालील असताना काढलेला फोटो समाजमाध्यमांवर पसरण्याची भीती असेल तर टेक इट डाऊन ही विनामूल्य सेवा वापरता येते. तिच्यात फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त अंकीय ठसा तयार होतो, आणि सहभागी माध्यमे तो ठसा जुळवून फोटो काढून टाकतात.

तक्रार कशी करावी

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या क्रमांकावर करावा, आणि तो लगेच करावा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच मिळण्याची शक्यता असते. फोन करण्यापूर्वी व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचे नाव एका कागदावर काढून ठेवावे, नाहीतर घाबरलेल्या माणसाला ते सापडत नाही. बँकेलाही त्याच दिवशी कळवावे. त्यानंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. महिला व मुलांविषयीच्या तक्रारींसाठी तिथे वेगळा विभाग आहे आणि त्यात नाव न देताही माहिती कळवता येते. मुलाला आधार किंवा सुटका हवी असेल तर १०९८, आणि जिवाला धोका असेल तर ११२.

प्रत्यक्ष जायचे झाल्यास कर्नाटकात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थ गुन्हे) पोलीस ठाणी आहेत, बेळगावातही आहे, पण जवळच्या कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. तिथे अर्ज कन्नडमध्ये लिहिण्याची वेळ आली तर पालक बावचळतात आणि अर्धवट सांगून परत येतात. म्हणून आधी मराठीत घटनाक्रम लिहून काढावा, एका ओळीत एकच घटना व तिची वेळ, आणि शाळेतील कन्नड शिक्षकांकडून त्याचे भाषांतर करून घेऊन दोन्ही कागद बरोबर न्यावेत. माझ्या कपाटात अशा कोऱ्या नमुन्याच्या वीस प्रती कायम असतात, डावीकडे मराठी आणि उजवीकडे कन्नड. तक्रार दिल्यावर मिळालेला पोच क्रमांक मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यावा, कारण घरातला एकमेव फोन पोलिसांनी तपासासाठी ठेवून घेतला तर त्यातील एसएमएस पाहायला मिळत नाही.